वाळत घातलेले जबडे

शनिवारी दुपारी साडेचार वाजता नवऱ्याने शेवटचा जबडा ब्रशने घासला, नळाखाली धरला आणि बाल्कनीत जुन्या चादरीवर वाळत ठेवला. आधीचे जबडे तिथे रांगेने मांडलेले होते, लहानापासून मोठ्यापर्यंत. कमरेवर हात ठेवून त्याने एकवार सगळ्या रांगेकडे पाहिलं आणि बहिणीला म्हणाला, "बघ, दुकान लावल्यासारखं दिसतंय."

जबडे प्लास्टरचे होते. त्याची बायको डेंटल लॅबमध्ये काम करते. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप पाठवतात, ती त्यात प्लास्टर ओतून साचा काढते आणि त्या साच्यावर कॅप किंवा कवळी घडवते. काम पोचतं झालं की साचे काही दिवस कपाटात राहतात, मग कचऱ्यात जातात. त्यातले काही ती मालकाला विचारून घरी आणत असे. कशासाठी, ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मागच्या खोलीतल्या टेबलावर तिने त्या जबड्यांचा एक खंड वसवला होता. वरच्या जबड्याची टाळू म्हणजे दरी, खालच्याची कमान म्हणजे खाडी, दाढांची रांग म्हणजे घाट. ती पाच भागांची एक फँटसी कादंबरी लिहीत होती आणि ती याच खंडावर घडत होती.

पहिला भाग कॉम्प्युटरवर पुरा झाला होता. उरलेल्या चार भागांचा आराखडा जबड्यांच्या पाठीवर होता, पेन्सिलीने लिहिलेला.

बाहेरच्याला हे विचित्र वाटेल. पण लॅबच्या बाकावर कागद टिकत नाही. हात कधी ओले, कधी मेणाचे, कधी भुकटीने माखलेले. तिथे सगळेच साच्यावर पेन्सिलीने लिहितात: पेशंटचा नंबर, दाताची छटा, डॉक्टरांची सूचना. त्याच सवयीने तिने राज्यही लिहिलं. दाढ घडवताना काही सुचलं की हाताशी असेल तो साचा उलटा करायचा, दोन ओळी लिहायच्या, पिशवीत टाकायचा आणि घरी येऊन टेबलावर त्याच्या जागी ठेवायचा. जागा हाही मजकूरच होता. कोणता जबडा कोणाच्या शेजारी, यावर कोण कोणाशी लढणार ते ठरत होतं.

हे सगळं कॉम्प्युटरवर उतरवायचं ती कधीपासून म्हणत होती. बसली की कोणीतरी हाक मारत असे.

आता उतरवणं भाग होतं. प्रकाशन संस्थेतल्या संपादक बाईंनी पहिला भाग वाचून तिला बुधवारी अकरा वाजता बोलावलं होतं, पूर्ण मालिकेचा आराखडा घेऊन. पुढची गोष्ट तिने फोनवर तोंडी सांगितली तेव्हा बाईंनी एकच शंका काढली होती. "तिसऱ्या भागाच्या शेवटी तुमचा नावाडी होडी सोडून निघून जातो. जातो कुठे? ते ठरलं नसेल तर पुढचे दोन भाग उभेच राहत नाहीत. आणि ते उभे राहत नसतील तर पहिला छापून मी काय करू?"

"ठरलंय," ती म्हणाली होती. "लिहून ठेवलंय."

ते खरं होतं.

तिने शनिवार-रविवार मागून घेतले होते. लॅबमध्ये रजा टाकली होती, घरी सांगून ठेवलं होतं. मागची खोली सोमवारी सासऱ्यांना द्यायची होती. खुब्याच्या ऑपरेशननंतर ते हॉस्पिटलमधून घरी येणार होते. टेबल रविवारी संध्याकाळी मी स्वतः आवरेन, असंही तिने सांगितलं होतं. त्यावर कोणाची हरकत नव्हती.

शनिवारी सकाळी आठ वाजता लॅबच्या मालकाचा फोन आला. एका गायकाची कवळी तुटली होती आणि रविवारी त्याचा कार्यक्रम होता. ती म्हणाली, माझी रजा आहे. मालक म्हणाला, "रजा कुठे पळून जातेय? बिनदाताच्या माणसाला गाता येत नाही." ती गेली. दहा वाजता हॉस्पिटलमधून नवऱ्याला फोन आला: खाट हवी आहे, वडिलांना आजच घेऊन जा. त्याने बायकोला फोन केला. तिचा मोबाइल लॅबच्या कपाटात होता. मग त्याने निरोप लिहिला: "अण्णांना आज सोडतायत. खोली आवरतो." तो निरोप तिने पाहिला तेव्हा पाच वाजून गेले होते.

मधल्या वेळात नणंद मदतीला आली होती. टेबलावरचे जबडे पाहून तिने नाकाला पदर लावला, असं मुलीने नंतर सांगितलं. मुलगी पंधरा वर्षांची आहे आणि जे पाहिलं ते तसंच सांगते. घरात त्यामुळे तिची थोडी भीतीच आहे.

बायको घरी आली तेव्हा नणंदच दारात आली. "वहिनी, आधी बाल्कनीत जा. ओळखायलाच येणार नाहीत!"

ती गेली. एक जबडा उचलून उलटा केला. पाठ कोरी होती. तो ठेवून दुसरा उचलला. मग तिसरा. त्यानंतर ती उचलायची थांबली.

"कोणी केलं?"

"दोघांनी मिळून," नणंद म्हणाली. "आधी गरम पाणी, मग जंतुनाशक, मग ब्रश. लोकांच्या तोंडातलं ते, वहिनी. अण्णांच्या टाक्यांना काही झालं असतं तर निस्तरत कोण बसलं असतं?"

"कोणाच्या तोंडात नव्हतं हे. तोंडाचं माप आहे. चपलेसाठी कागदावर पाय आखला म्हणून कागदाला पायाचा वास येतो का?"

"अगं, फेकलं नाही काही," नवरा म्हणाला. "एकूण एक तुकडा आहे. दोन पिशव्या भरून टाकता आलं असतं, पण बसून धुतले मी. कंबर मोडली."

"मांडणी?"

"मांडणीचा फोटो काढणार होतो."

"काढलास?"

"मोबाइल चार्जिंगला होता."

"आणि पाठीवर लिहिलं होतं ते?"

"पेन्सिलीचं होतं गं! महत्त्वाचं कोणी पेन्सिलीने लिहितं?"

"ज्याला खोडायचा हक्क स्वतःकडे ठेवायचा असतो, तो लिहितो."

नवऱ्याने हात झटकले. तो ड्रायव्हिंग शिकवतो. दिवसभर दुसऱ्याने चुकीचा गिअर टाकायचा आणि याने शांत राहायचं, असं काम आहे. त्या शांततेची किंमत रात्री दात मोजतात. झोपेत तो इतके दात खातो की बायकोनेच त्याला दातांवर बसवायची प्लेट करून दिली होती. ती प्लेटही मध्यंतरी तडकली. "डोक्यात असेलच की तुझ्या सगळं," तो त्याच शांत आवाजात म्हणाला. "तूच रचलंयस."

"तू आजवर शिकवलेल्या सगळ्यांची नावं सांग. तूच शिकवलंयस."

"ते वेगळं."

"का वेगळं?"

"वहिनी, आवाज," नणंद म्हणाली. "अण्णा आत आहेत."

"अण्णांना कळू दे. खोली त्यांची आहे, मी नाही कधी म्हटलं? फक्त उद्या संध्याकाळपर्यंत थांबायचं होतं. अण्णा पुढच्या खोलीत एक रात्र झोपले असते. झोपला नसतात का, अण्णा?"

"झोपलो असतो," आतून आवाज आला. "मला कोणी विचारलंच नाही."

"हे बघ," नवरा म्हणाला, "त्यावर इतकं काही लिहिलंय हे मला खरंच ठाऊक नव्हतं. वाटलं, लॅबचे नंबर-बिंबर असतील."

"बाबा, तू वाचत होतास," मुलगी म्हणाली.

नणंद चादरीची सुरकुती सरळ करायला लागली.

"धुताना वाचत होतास. आजोबांना ऐकू जावं म्हणून मोठ्याने. आत्या हसून हसून स्टुलावरून पडायची राहिली."

"मीही हसलो," अण्णा आतून म्हणाले. "खोटं कशाला बोलू? कवळी वाटीत होती, तरी हसलो."

तोवर हा निष्काळजीपणा होता. त्या वाक्यानंतर तो निष्काळजीपणा राहिला नाही, आणि ते घरातल्या प्रत्येकाला कळलं. ती ओरडली नाही. आत जाऊन कॉम्प्युटर घेऊन आली, जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि दोन खुर्च्या ओढल्या.

"बसा. दोघंही. जे जे वाचून हसलात ते सगळं सांगायचं. क्रमाने नसलं तरी चालेल."

"मला आता निघायला हवं," नणंद म्हणाली. "घरी मुलं वाट बघत असतील."

"वन्सं, बसा."

एरवी ती नणंदेला 'ठकू' म्हणते. 'वन्सं' हा शब्द तिने लग्नानंतर दोनदा काढला असेल, दोन्ही वेळा भांडणात. नणंद बसली.

"सावल्यांवर कर बसवणारा राजा," नवऱ्याने सुरुवात केली. "जो कर भरत नाही त्याची सावली जप्त."

"तो पहिल्या भागात आहे. पुढे."

"एक राणी विहिरीत उतरते."

"राणी नव्हती रे," नणंद म्हणाली. "पहारेकरीण होती. हातात कंदील होता."

"राणीच होती. मीच वाचलं ना?"

"तू वाचलंस पण तुझ्या डोळ्यात साबण गेला होता."

"पहारेकरीण," बायको टाइप करत म्हणाली. "विहिरीत काय सापडतं तिला?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"आंधळी घोडी होती एक," नणंद घाईने म्हणाली. "तिला सगळे रस्ते पाठ. आणि ते दगड खाणारे भिक्षेकरी! ते तर मी जन्मात विसरणार नाही."

"त्यांचं काय?"

"काय म्हणजे? दगड खातात."

"का खातात ते पुढे लिहिलं होतं."

"पुढचं हसण्यात गेलं," नणंद म्हणाली, आणि म्हटल्यावर तिला आपण काय म्हटलं ते कळलं असावं, कारण तिने पदराचं टोक हातात घेतलं.

बायकोने तेही वाक्य टाइप केलं. मुलीने पडद्यावर वाचलं: *पुढचं हसण्यात गेलं.* ती ओळ आराखड्यात आजही आहे, पुसलेली नाही.

असं बराच वेळ चाललं. जे विनोदी होतं ते दोघांना आठवत होतं. कोण कोणाला फसवतं, कोणतं गाव कधी जळतं, कोणाचं मूल कोणाकडे वाढतं, यातलं काही नाही. बहीण-भाऊ एका हत्तीवरून भांडले. तो उडत होता की बुडत होता, यावर एकमत झालं नाही. स्वयंपाकघरात दूध उतू गेलं, त्यासाठी कोणी उठलं नाही. शेवटी मुलगी उठली.

"आणि माझ्या दातांवर काय लिहिलं होतं, ते नाही विचारत?" नणंद एकदम म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते रागाचं होतं. "'बोलक्या गिधाडांची दरी'! माझं नाव होतं त्या साच्यावर. तीन दात बसवून दिलेत तुम्ही मला, मी सगळ्या नातेवाइकांत कौतुक सांगत फिरते, आणि तुम्ही माझ्या तोंडात गिधाडं बसवलीत!"

"तुझी टाळू खोल आहे. दरीला बरी पडली."

"आणि गिधाडं?"

"ती शहाणी आहेत. चौथ्या भागात तीच राज्य वाचवतात."

"बोलून बोलून?" अण्णांनी आतून विचारलं.

"हो, अण्णा. बोलून बोलून."

"मग ते का नाही लिहिलं?" नणंद म्हणाली.

"लिहिलं होतं. डाव्या दाढेच्या खाली. तू घासलंस."

आत खाट करकरली. "माझ्या साच्यावर तुरुंग होता," अण्णा म्हणाले. "बिनदाराचा तुरुंग. मला पटला बुवा. महिनाभर हॉस्पिटलच्या छताकडे बघत होतो, वेगळं काय असणार? सूनबाई, कैदी सुटतो का शेवटी?"

"सुटतो, अण्णा."

"कसा?"

"ते तुमच्या सुळ्याजवळ लिहिलं होतं."

"असं," अण्णा म्हणाले. थोड्या वेळाने त्यांनी मुलाला शिवी दिली. साधीच, पण त्या घरात ती पहिल्यांदा ऐकली गेली.

नवरा एवढा वेळ टेबलावरचा एक ओरखडा नखाने खरवडत होता. बायको त्याच्याकडे वळली. "तुझ्यावर काय होतं?"

"माझ्यावर?"

"तुझा वरचा जबडा. प्लेटसाठी घेतलेला साचा. तू वाचला असशीलच. स्वतःचा आधी शोधला असशील."

"आठवत नाही."

"ठकूचं आठवतं, अण्णांचं आठवतं."

"आठवत नाही म्हणतोय ना!"

"बाबा तोच जबडा सगळ्यात जास्त वेळ घासत होता," मुलगी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "तारेच्या ब्रशने. ओट्याखालचा आहे तो."

बायको बाल्कनीत गेली आणि तो जबडा घेऊन आली. इतरांची फक्त पाठ कोरी झाली होती. या जबड्याचे पुढचे दातही झिजून सपाट झाले होते आणि सगळ्या अंगावर तारेचे ओरखडे होते. तिने तो टेबलावर नवऱ्यासमोर ठेवला.

"'इथे अजून कोणी राहत नाही,'" नवरा म्हणाला. त्याचा आवाज आता शांत नव्हता. "हेच लिहिलं होतंस ना? सगळ्यांना काही ना काही दिलंस. बहिणीला गिधाडं का होईना, दिलीस. माझ्या बापाला तुरुंग दिलास. मला ओसाड माळ! सकाळचे डबे कोण भरतं? हिची शाळा कोण बघतं? हॉस्पिटलात रात्री कोण बसलं? रविवारी तू टेबलाशी बसावीस म्हणून पोरीला घेऊन रस्तोरस्ती कोण फिरतं? पाऊस असला तरी फिरतो मी! आणि माझ्यात कोणी राहत नाही!"

"'अजून' लिहिलं होतं. तिथे कोणीतरी राहायला यायचं होतं."

"कोण?" मुलीने विचारलं.

"ते ठरायचं होतं."

"आणि कधी यायचं होतं?" नवऱ्याने विचारलं.

"चौथ्या भागात."

"चौथ्या! पहिल्याला सहा वर्षं लागली. चौथा येईस्तोवर माझ्या तोंडात स्वतःचा एक तरी दात राहील का?"

अण्णा आत हसले. बाहेर कोणी हसलं नाही.

"म्हणून घासलास," ती म्हणाली.

"तो एक मुद्दाम घासला. बाकीचे स्वच्छ करायला घासले."

"बाकीचे वाचून हसलास. तो वाचून घासलास. एकही वाचून थांबला नाहीस. तुला राग आला होता तर माझ्याशी भांडायचंस. मी लॅबमध्ये होते, मेले नव्हते. संध्याकाळी आलेच असते ना घरी? दारातच धरायचंस मला, विचारायचंस, माझ्यावर हे काय लिहिलंस. मी उत्तर दिलं असतं."

"कधी दिलं असतंस? तू जेवताना पण समोरच्याचे दात मोजत असतेस."

"दिलं असतं."

"आता दे."

"आता काय देऊ? उत्तर तू धुतलंस."

मग तिने तो प्रश्न विचारला ज्यासाठी ती दोघांना बसवून होती. नावाडी कोणी वाचला? नावाड्याबद्दल काही, कुठेही, अर्धी ओळ?

नणंदेने मान हलवली. नवऱ्याने जबड्याकडे पाहिलं आणि तोही नाही म्हणाला.

नावाड्याचं उत्तर तिला अण्णा पडले त्या दिवशी सुचलं होतं. किती महिने ते अडलेलं होतं. त्या दिवशी दुपारी एका सुळ्याला मेण लावताना ते आपसूक आलं. तिला एवढंच आठवतं की ते अगदी सोपं होतं, आणि सुचल्यावर ती एकटीच हसली होती. शेजारच्या बाकावर दातांना पॉलिश करणारी बाई, जिला सगळी लॅब 'भुकटी' म्हणते, तिने विचारलंही होतं, "काय गं, पगारवाढ?" तिने हाताशी होता तो साचा उलटा करून ओळ लिहिली. तेवढ्यात फोन आला: सासरे जिन्यात पडलेत. बाकावर होतं नव्हतं ते पिशवीत कोंबून ती धावली. बाकावर त्या दिवशी काय काय होतं? एका शिक्षिकेची खालची कवळी, एका टॅक्सीवाल्याचे दोन सुळे, नव्या प्लेटसाठी पुन्हा लॅबमध्ये नेलेला नवऱ्याचा साचा, आणखी एकदोन. ओळ कशावर लिहिली हे तिने नंतर कधी पाहिलं नाही. पाहायची गरजही वाटली नव्हती. लिहून ठेवलं होतं.

रात्रीचं जेवण नवऱ्याने वाढलं. ती जेवली नाही.

रविवारी सकाळी तिने जबडे एका खोक्यात भरले. "बुधवारपर्यंत अण्णांची औषधं, आंघोळ, स्वयंपाक, हिची शाळा, सगळं तुम्ही बघायचं," ती दारातून म्हणाली. "मला हाक मारायची नाही. घराला आग लागली तर आधी बंब बोलवा."

लॅबची किल्ली मालकाने दिली. शनिवारच्या बदल्यात, असं तो म्हणाला, आणि निघताना दिवे बंद करायची आठवण केली. गायकाची कवळी उत्तम बसली होती. त्याबद्दल त्याने आभार मानले का, हे तिने विचारलं नाही.

भुकटी स्वतःहून आली. तिने बाकावरचा दिवा वाकवून प्रकाश जबड्याच्या पाठीवर आडवा पाडला. पांढरं प्लास्टर मऊ असतं. पेन्सिल दाबून लिहिली असेल तर तिची बारीक चर उरते. पिवळं कठीण असतं, त्यावर काही उरत नाही. दोघी दिवसभर एकेक जबडा फिरवत बसल्या. पहारेकरीण सापडली, विहिरीत तिला काय मिळतं तेही अर्धं सापडलं. हत्ती बुडत होता. भिक्षेकऱ्यांचं कारण एका ओळीत मिळालं आणि ते वाचून भुकटीने जबडा अलगद खाली ठेवला.

"आणि यावर हसली ती माणसं?" तिने विचारलं.

"हे वाचायच्या आधीच हसून झालं होतं त्यांचं."

नावाडी कुठेच नव्हता. शिक्षिकेची कवळी पिवळ्या प्लास्टरची निघाली. टॅक्सीवाल्याच्या साच्यावर फक्त त्याचा नंबर होता. नवऱ्याचा जबडा दोघींनी सर्व बाजूंनी दिव्यात धरला. तो पांढऱ्या प्लास्टरचा होता, पण तारेच्या ओरखड्यांखेरीज त्यावर काही दिसलं नाही.

"इतकं कशाला घासायचं माणसाने," भुकटी म्हणाली.

"त्याला विचार."

"तू विचारलंस?"

"विचारलं."

सोमवारी आणि मंगळवारी ती ठरल्या वेळी काम संपवून त्याच बाकावर बसली. मालक एकदा डोकावला. "बुधवारीही येणार नाहीस म्हणे. तुझ्या सिंहासनापायी माझ्या बत्तिश्या अडकल्यात." तिने वर पाहिलं नाही. नवऱ्याची नवी प्लेट त्याच बाकाच्या कोपऱ्यात अर्धवट पडून होती. ती पुरी करायला एक तास पुरला असता. तिने हात लावला नाही.

घरी ती फक्त झोपायला गेली. मुलीच्या सांगण्यानुसार, अण्णा आता कवळी घालून बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारतात, बिनदाराच्या तुरुंगातून माणूस कसा सुटेल? आत्याने एक उपाय सांगितला, तो त्यांना पटला नाही. नणंद रोज येते, अण्णांचं करते आणि बाल्कनीत जात नाही. नवरा रात्री दात खातो. आवाज पुढच्या खोलीपर्यंत येतो. नवरा-बायकोत रविवार सकाळनंतर बोलणं झालेलं नाही.

बुधवारी सकाळी ती प्रकाशन संस्थेच्या बाहेरच्या खोलीत बसली होती. पिशवीत आराखड्याचे कागद होते. दुसरा भाग जवळपास पुरा होता. चौथा आणि पाचवा काही सापडलेल्या अक्षरांवर, काही आठवणीवर आणि काही नव्याने रचून उभे केले होते. तिसऱ्याच्या शेवटी अर्धं पान कोरं होतं. तिथे काहीतरी ठोकून द्यायला तिला मंगळवारी सुचलं होतं, ते तिने लिहिलं आणि खोडलं.

अकराच्या सुमारास नवऱ्याचा निरोप आला. तो दोन शिकाऊंच्या मधल्या वेळात, गाडीत बसून लिहिलेला असावा. निरोप असा:

"माझ्या जबड्यावर खाली अजून एक ओळ होती. बारीक अक्षरात. ती पुरी वाचली नाही, तोवर घासायला लागलो होतो. पहिला शब्द नावाडी होता. शनिवारी तू विचारलंस तेव्हा आठवत होतं. सांगितलं नाही, राग होता. अजून आहे."

साडेअकरा वाजता संपादक बाई आधीच्या माणसाशी बोलत होत्या आणि त्यांच्या खोलीचं दार बंद होतं. निरोप वाचला गेल्याची खूण नवऱ्याच्या मोबाइलवर उमटली होती. उत्तर गेलेलं नव्हतं.